कोपरा फाटलेलं पत्रक

कागद फाडायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याने तो एकदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर फाडून दाखवावा. हातातला कागद टर्रकन फाटतो. पडद्यावरचा फाटत नाही, तो फाटल्यासारखा दाखवावा लागतो, आणि त्यात दुपारच्या दुपार जाते. मी अमरावतीत पत्रकं करते, म्हणून सांगते. मजकूर लिहायचा, मांडणी करायची, झेरॉक्स काढायच्या, चौकात उभं राहून वाटायच्या, आणि तासाभरात त्याच कागदात कोणीतरी फुटाणे खाताना पाहून चिडायचं, ही सगळी कामं माझ्याकडेच. गाव माझं अकोला. इकडे शिकायला आले आणि भांडायला राहिले.

त्या वेळचं भांडण राजापेठेतल्या फुलवाल्यांचं होतं. रस्त्याच्या कडेला त्यांची एक ओळ बसते. एका कचेरीतून त्या ओळीला नोटीस आली. कचेरीचं नाव लिहीत नाही. नोटिशीत लिहिलं होतं, परिसराचं सुशोभीकरण करायचं आहे, तरी फुलवाल्यांनी गावाबाहेरच्या मैदानावर जावं. फुलं उठवून सुशोभीकरण! त्या जागी सिमेंटच्या कुंड्या ठेवणार होते म्हणे. त्या कुंड्यांत प्लास्टिकचे गुलाब लावले असते तरी मला नवल वाटलं नसतं. खाली बारीक अक्षरात खरी मेख होती: हरकत असल्यास सोमवारी सकाळी अकरा वाजता सुनावणीस समक्ष हजर राहावे, गैरहजर व्यक्तीची जागा रिक्त समजण्यात येईल.

ओळीच्या टोकाला कडुनिंबाखाली एक मावशी बसते. नात्याची नाही, सगळ्या राजापेठेची मावशी. गावकुसाला थोडं वावर, त्यात झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मावशी तोडते, मावशीच गुंफते, मावशीच विकते. सून नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पाळीवर जाते. गिऱ्हाईक कसलं, तर गाडी बंदही न करणारं. एक पाय जमिनीला, इंजिन चालू, हार हँडलला अडकवला की पसार. तो माणूस हारासाठी गावाबाहेरच्या मैदानावर जाईल काय? जाणार नाही. म्हणजे मावशीची जागा गेली की मावशीचा धंदा गेला, इतकं सरळ होतं ते. सुनावणीला ओळ तर येणारच होती, पण नुसती ओळ पुरेशी नव्हती. खोली भरायला हवी होती.

म्हणून पत्रक. कल्पना झकास होती. वर त्या कचेरीची नोटीस, ती मधोमध फाटलेली, आणि फटीतून मावशीचा चेहरा बाहेर येतोय! फोटो काढायला गेले तर मावशी स्थिर राहीना. "दात पडेल हाये, तोंड मिटून काढ व." शेवटी दोरीवर टांगलेल्या हारांच्या मधून चेहरा टिपला. दोन्ही बाजूंनी झेंडू, मध्ये मावशी. फर्स्ट क्लास फोटो.

आता फाडणं आलं. पहिल्यांदा माऊसने हात थरथरवत कड कापली. ती फाटलेली वाटेना, कोकण किनाऱ्याचा नकाशा वाटायला लागली. मग तयार मिळणारी फाटकी चौकट लावून पाहिली. तिचे सगळे दात एका मापाचे, करवतीने कापल्यासारखे. असा कागद जगात कोणी फाडत नाही. कोणत्या वातानुकूलित खोलीत बसून बनवतात हे लोक देव जाणे. मी चिडले आणि खरे कागद फाडायला बसले.

राजापेठेत फाडायला कागदाचा तोटा नाही. गाडी लावून चहा पिऊन या, तोवर सीटवर ट्यूशन क्लासची चार पत्रकं पडलेली असतात. वर पहिल्या आलेल्या मुलांचे पासपोर्ट फोटो, खाली शंभर टक्के यशाची हमी. ती हमी मी उभी फाडली, आडवी फाडली, स्वतःकडे ओढून फाडली, लांब ढकलून फाडली. कामाच्या कामी राग निघतो, हा त्यातला जादा फायदा.

तेव्हा कळलं की कागदाला धारा असतात, बांबूसारख्या. धारेने फाडला तर बऱ्यापैकी सरळ जातो, धारेच्या आडवा फाडला की वाट्टेल तिकडे भरकटतो. आणि मुख्य गोष्ट, फाटलेल्या कडेला छपाईचा रंग आधी संपतो आणि खालचा पांढरा गर उघडा पडतो. तोही दोन्ही तुकड्यांना सारखा नाही. एका तुकड्याला रुंद पांढरी किनार मिळते, दुसऱ्याला जवळजवळ नाही. सगळ्या खोट्या फाटक्या कडा फसतात त्या इथे. ते लोक दोन्हीकडे सारखी किनार देतात. लग्नाची साडी आहे काय ती?

मग सगळ्यात चांगला फाटलेला तुकडा काळ्या कागदावर ठेवून स्कॅन केला. त्याचा झाला मास्क, म्हणजे जिथे पांढरं तिथे चित्र दिसतं आणि जिथे काळं तिथे ते झाकलं जातं. त्याच कडेची एक प्रत खालच्या थरात टाकून केसभर सरकवली आणि तिला कागदाच्या गराचा रंग दिला. अगदी पांढरा द्यायचा नाही, दुधात थोडी साय मिसळल्यासारखा द्यायचा. बारीक, खरबरीत ब्रशने तिथे दोनचार तंतू ओढले. शेवटी सावली. सावली कडेला चिकटून, बारीक, एकाच बाजूला. जास्त पसरली की कागद हवेत तरंगायला लागतो. झालं तेव्हा मी पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. कड लागते की काय असं वाटलं.

झेरॉक्सवाल्या दादांची पावतीही मिळाली. प्रिंट हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, हे तं फाटलेलं हाय. साबूत कापी आना ना."

"फाटलेलं नाही दादा, साबूतच आहे."

त्यांनी अंगठ्याने चाचपलं, कागद उलटा केला, उजेडात धरला. "मंग फाटेल काहून दिसून राह्यलं?"

"मी तसं केलंय."

"काहून?"

या प्रश्नाला कलावंताकडे उत्तर नसतं. पण त्यांचं पुढचं म्हणणं बरोबर निघालं. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये ती मधली फट मजकूरच गिळत होती. सुनावणीची वेळ नेमकी सावलीत गेली. रंगीत काढायची आमची ऐपत नव्हती. म्हणून मी फट मधून उचलली आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. कोपरा सुंदर फाटला. नोटिशीचा उरलेला भाग काढून टाकला, फोटो मोठा केला, आणि फोटोखाली ठसठशीत अक्षरात ओळ टाकली: यांची जागा कोण घेणार? त्याखाली सोमवारची तारीख, सकाळी अकरा, सर्वांनी उपस्थित राहावे. मग बारीक अक्षरात सगळी हकीकत, नोटिशीचा समाचार आणि कचेरीचा पत्ता.

यांची जागा कोण घेणार! मला ती ओळ भयंकर आवडली होती. कोणाची हिंमत आहे, या जरा आम्ही बघतो, असा तिचा अर्थ. निदान माझ्या डोक्यात तरी. रविवारी पत्रकं वाटली, फोनवरून इकडेतिकडे धाडली, अकोल्याला घरच्या ग्रुपवरही टाकलं. ओळीतल्या लोकांनी आपापल्या पाहुण्यांना धाडलं. छान वाटलं.

सोमवारी सकाळी मी तयार होत होते तर आईचा फोन.

"कोन गेलं व?"

"कुठं गेलं?"

"कुठं काय? वर!"

"काय बोलून राह्यली तू आई?"

"अवं ते पत्र टाकलं ना तू. बाईच्या फोटोले हार हाय, कोपरा फाडेल हाय, सोमवारी साऱ्यांनी या म्हून लिवलं हाय. कोन होती ते? भली दिसते."

"जिती हाय ते! फुलं इकते. ते हार इकायचे हाये, आई."

"मंग कोपरा काहून फाडला?"

"डिझाइन हाय ते."

"मरनाचं डिझाइन? बह्याड झाली काय तू?"

मग आईने सांगितलं. पूर्वी मयतीचं पोस्टकार्ड यायचं ते कोपरा फाडूनच यायचं. पाठवणाराच फाडायचा. घेणाऱ्याला अक्षर लागण्याआधी कळलं पाहिजे की गेलं कोणीतरी. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नसत. दारात उभ्याने वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि आंघोळीला जायचं. आता माझ्या पिढीने पोस्टकार्ड पाहिलंय ते परीक्षेतल्या पत्रलेखनाच्या प्रश्नात. तिथे कोपऱ्याला मार्क नव्हते! असं मी आईला ऐकवलं.

"मार्काचं सोड," आई म्हणाली. "अन् वरतून लिवते, यांची जागा कोन घेनार! तुह्ये आबा गेले तवा शोकसभेत साऱ्यांनी हेच म्हटलं होतं."

मी पत्रक पुन्हा पाहिलं. हार. काळापांढरा चेहरा. फाटका कोपरा. दिवस आणि वेळ. बारीक अक्षर फोनवर दिसतच नव्हतं, आणि दिसलं असतं तरी कोण वाचतं? या देशात मजकूर कोणी वाचत नाही! लोक फोटो बघतात, मोठी ओळ बघतात, आणि रडायला निघतात. मी चप्पल घातली आणि राजापेठेकडे धावले.

मावशी जागेवर होती. मान खाली, सुई चालू, सोमवारचे बेलाचे हार. मी हाश्शहुश्श करते तोच ओळीपुढे एक गाडी थांबली. पांढरं धोतर नेसलेले एक म्हातारे उतरले. पाठीमागे गाडीत बायका पदराने डोळे पुसत होत्या. म्हातारे कोणाकडेही न बघता मावशीच्या टोपलीपाशी आले आणि म्हणाले, "एक मोठा हार द्या. मयतीले पाह्यजे."

मावशीने मान वर न करता हार उचलला. "कोन गेलं, बावा?"

"माही बहीन."

आवाज ओळखून मावशीने वर पाहिलं. समोर तिचा सख्खा भाऊ, अकोल्याचा. तिच्या हातातला हार गळाला. "दादा? कोनती रे बहीन? आपली धाकली गेली काय रे?" आणि तिने तिथेच मोठ्यांदा गळा काढला. तो ऐकून गाडीतल्या बायकांनी काढला. म्हातारे तेवढे मावशीकडे बोट रोखून उभे.

"तू," ते म्हणाले.

"मी काय?"

"तूच गेली ना व!"

मावशीचं रडं जागच्या जागी थांबलं. "मी काहून जाऊ? सोमवार हाय आज, धंद्याचा दिवस!"

"मंग थे कोपरा फाटेल पत्र?"

प्रकार असा झाला होता. पत्रक अकोल्याला रविवारी रात्री पोचलं. भावाकडे नंबर फक्त सुनेचा. सून रात्रपाळीला, आणि कारखान्यात फोन फाटकावरच ठेवून घेतात. यांनी लावून लावून पाहिला, कोणी उचलेना. मयताच्या घरी फोन कोण उचलणार? त्यांची खात्रीच पटली. पहाटे गाडी केली, मूर्तिजापूरपर्यंत सगळे रडले, तिथे चहा घेतला, पुढे पुन्हा रडले. राजापेठेत आल्यावर मावशीच्या वहिनी म्हणाल्या, रिकाम्या हाताने कसं जायचं, हार घ्या.

"कोन केलं हे पत्र?" म्हाताऱ्यांनी विचारलं. अख्ख्या ओळीने माझ्याकडे बोट केलं. चळवळीतली एकजूट म्हणतात ती हीच.

मी खुलासा सुरू केला. फाटलेली नोटीस, तिची पांढरी किनार, तिच्यातून येणारा चेहरा, प्रतीक. म्हातारे ऐकून घेऊन म्हणाले, "माह्या बहिनीले मारलं तू, पोरी, अन् मले कागदाची किनार सांगून राह्यली."

मावशीने मात्र घड्याळ असलेल्या गिऱ्हाइकाला वेळ विचारली आणि उठली. "आता आलेच हा सारे तं चाला कचेरीत. भाकर मंग. वहिनी, तुमीबी. रडनं झालं ना? उतरा."

अशी आमची वरात सुनावणीला गेली. ओळ, ओळीचे पाहुणे आणि अकोल्याची गाडीभर माणसं. खोली भरली, भिंतीला लागून लोक उभे राहिले. टेबलामागे साहेब, शेजारी बाबू. बाबूने एकेकाला पुकारलं आणि हजेरी घेतली. मावशीला पुकारलंच नाही. मी विचारलं, टोकाच्या जागेचं काय?

"त्या बाई वारल्या ना," बाबू म्हणाला आणि फायलीतून माझंच पत्रक काढून दाखवलं. "जागा रिक्त झाली. एक अर्जपण आलाय."

मागच्या बाकावरून एक माणूस नम्रपणे उठला. त्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. यांची जागा कोण घेणार, तर हा! माझ्या पत्रकाला इतका तत्पर प्रतिसाद आजवर मिळाला नव्हता.

"मी हावो ना अठी," मावशी म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मेलेली."

लोक हसले. बाबू हसला नाही. "आधार कार्ड?"

"घरी हाय."

"मग तुम्ही त्याच बाई, कशावरून?" त्याने पत्रक तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ती मावशी होती, की मी होते, की तो बाबूच होता, कोणी सांगू शकलं नसतं. तोंड तर मिटलेलंच होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. गैरहजर व्यक्तीची जागा रिक्त. मला दिसत होतं, एका शब्दात मावशी उठणार होती, तीही उभी असताना.

मी भाषण सुरू केलं. जिवंत माणसाला कागदावर मारणाऱ्या या व्यवस्थेचा, एवढं म्हटलं आणि मावशीने माझी ओढणी खाली ओढली. "बस व पोरी. तुह्यं पत्रक बोललं तेवढं पुरं झालं."

म्हातारे पुढे झाले. "सायेब, मी इचा सख्खा भाऊ. आमी सारे अकोल्याहून इले रडाले आलो. मयत समजून आलो, सायेब. माह्या हातानं इच्याचपाशी इचाच हार मांगतला मी. जिती नसती तं सकाळपासून माह्याशी भांडली असती काय हे?"

"भांडली कवा मी?" मावशी म्हणाली.

"हे पाहा. हेच थे."

मग वहिनी बोलल्या, वहिनींच्या सुना बोलल्या, एक आत्या मावशीच्या लग्नापासून सांगायला लागली आणि दुसरीने साल चूक म्हणून तिला अडवलं. लग्नात पाऊस होता की नव्हता यावर दोघींची जुंपली. साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"लिहा. समक्ष हजर."

"अन् हा अर्ज, सर?"

"कोणती जागा रिक्त आहे?"

बाबूने शोधल्यासारखं केलं. कव्हरवाला खाली बसला. साहेब मावशीला म्हणाले, "बोला, काय हरकत आहे तुमची?"

"त्या मैदानात देव नाई, रस्ता नाई. तठी हार कोन घेईन? बकऱ्या?"

एवढीच हरकत. माझ्याकडे सात मुद्दे लिहिलेले होते. ते मी तसेच ठेवले. ओळीतले बाकीचेही बोलले, आणि दुपार टळायच्या आत लिहून मिळालं: ओळ पुढील आदेशापर्यंत आहे तिथेच राहील, प्रत्येकाची जागा चुन्याने आखून देण्यात येईल, आखणीबाहेर कोणी बसू नये. पुढील आदेश म्हणजे काय, तो कधी टपकेल, हे माझ्यासारखीला विचारा. हा विजय नाही, हे मी कचेरीच्या पायऱ्यांवरच सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं. अकोलेकरांना भूक लागली होती.

फाटकी कड मी अजून वापरते. मेहनतीची आहे, सोडते कशाला? फक्त कोपऱ्यांना हात लावत नाही आणि पाठवायच्या आधी आईला दाखवते. ती दोन पत्रकांपैकी एक नापास करते.

नंतरच्या आठवड्यात कचेरीचा माणूस चुन्याचा डबा घेऊन ओळीत आला. मी तिथेच उभी होते. सगळ्यांच्या जागा आखत तो टोकाला पोचला, तर मावशी टोपली पुढे घेऊन, दोन्ही पाय लांब पसरून बसलेली.

"मावशी, पाय मांगं घ्या."

"गुडघे मुडपत नाई, बावा. डाक्टरनं नाई म्हटलं."

त्याने पायांच्या पलीकडून रेघ सुरू केली. तेवढ्यात तिने फुलांवर शिंपडायच्या पाण्याची बादली उचलली आणि रेघेच्याही पलीकडे ठेवली.

"हे बी माह्यंच हाय."

तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमाले नियम ठाव हाये ना? बादली धरायची काय?"

नियम मला चांगला ठाऊक होता: माणूस बसतो तेवढीच जागा. माझ्या तोंडात आलेला नियम मी गिळला आणि झेंडूचा भाव विचारला. मावशीने सांगितला, तोही चढा. त्या माणसाने सुस्कारा सोडला, वाकला, आणि चुना बादलीला वळसा घालून गेला.